पत्रकावरच्या ‘निकाली’ या शब्दाबद्दल यात्रा कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या यात्रा कमिट्या, उरूस कमिट्या आणि कुस्ती मैदानं भरवणारी समस्त मंडळी यांना

सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेत माझा छोटा छापखाना आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी माझ्याकडून कुस्तीची पत्रकं छापून नेली असतील. वर ग्रामदैवत, त्याखाली ठळक अक्षरात ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’, मग एक नंबरच्या दोन पैलवानांचे हाताची घडी घातलेले फोटो, मधे ‘विरुद्ध’, पुढं दोन नंबर, तीन नंबर, आणि तळाला देणगीदारांची इतकी दाटी की त्यात छापखान्याचं नाव मुंगीएवढं उरतं. फेब्रुवारी संपत आला की ऑर्डरी सुरू होतात. यंदाची पहिली परवाच आली. प्रूफ लावताना ‘निकाली’, म्हणजे हार-जीत लागेपर्यंत चालणारी कुस्ती, या शब्दापाशी माझा हात अडला. का अडला, ते सांगायला हे पत्र लिहितोय.

गोष्ट २०२५ सालच्या एप्रिलमधली आहे आणि तिच्यात अमेरिकेतली खोटी कुस्ती बरीच येणार आहे. तेवढी सोसून घ्या.

१२ एप्रिलला जोतिबाची चैत्र यात्रा झाली आणि दोनच दिवसांत मला चिकनगुनियानं धरलं. गुडघे नारळाएवढे, हाताची मूठ मिटेना. घरी बहिणीचा पोरगा सुट्टीला आलेला. वय सोळा, आणि डोक्यात डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे त्या खोट्या कुस्तीच्या कंपनीशिवाय काही नाही. १ एप्रिलपासून हे सगळे कार्यक्रम आपल्याकडं स्पोर्ट्स चॅनेलवरून उठून नेटफ्लिक्सवर गेले होते. त्याच्या मोबाईलचं नेटफ्लिक्स त्यानं आमच्या टीव्हीला जोडलं, रिमोट ताब्यात घेतला आणि मी आडवा सापडलो. असा माझा आठवडा गेला. मंगळवारी पहाटे रॉ, बुधवारी एनएक्सटी, शनिवारी स्मॅकडाउन, मग रविवारी आणि सोमवारी पहाटे साडेचारपासून त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानाचे, रेसलमेनियाचे दोन दिवस, आणि मंगळवारी परत रॉ. एवढी कुस्ती मी तालमीत असतानाही सलग बघितली नव्हती.

तालमीत मी होतो, हेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल छापखानेवाला काय शिकवतोय. सतराव्या वर्षापर्यंत जोर-बैठका मारल्या, मातीत लोळलो, एक कान मोडून घेतला. मग खांदा निखळला आणि वडिलांनी मशीनवर बसवलं. त्या काळात आम्हा पोरांकडं डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असायचे. उंची, वजन, छाती, रँक असं पुकारून एकमेकांचे पत्ते जिंकायचे. (पुढं वन्यजीववाल्या संस्थेनं नावावरून कोर्टात खेचलं आणि २००२ साली ‘एफ’चा ‘ई’ झाला. ती कुस्ती मात्र खरोखर निकाली झाली.) एकदा वस्तादांनी आमचे पत्ते पकडले. आम्हाला वाटलं, आता पाठीवर वळ उठणार. त्यांनी अंडरटेकरचा पत्ता उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “ही पडायला शिकत्यात. तुम्ही पाडायला शिका.” आणि पत्ते कोनाड्यात ठेवून दिले. परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून ‘ते खोटं’ एवढंच डोक्यात होतं. आपल्याकडं दारासिंग-किंगकाँगच्या वेळेपासून याला फ्रीस्टाईल म्हणतात, आणि अजूनही सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडाल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘फ्रीस्टाईल हाणामारी’ असंच येतं. खरी फ्रीस्टाईल ही ऑलिंपिकमधली कुस्ती, पण शब्द गेला तो गेलाच. खोटेपणाबद्दल मात्र एक गोष्ट त्या कंपनीच्या पदरात टाकली पाहिजे. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की आमची ही करमणूक आहे, खेळाची स्पर्धा नव्हे. काही सत्याची ओढ लागली होती म्हणून नाही. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आणि पैसे मागं लागतात, ते चुकवायला. पण सांगितलं तर खरं. तिकीट काढणाऱ्या माणसाला तिथं ठाऊक असतं की निकाल आधी ठरलाय.

आता आठवड्याकडं येतो. मंगळवारच्या रॉमध्ये कुस्ती कमी आणि बोलणं जास्त. माईक हातात घेऊन एकमेकांचा उद्धार. मला कंटाळा आला. एनएक्सटी आवडलं. ती त्यांची तालीमच म्हणा, नवी पोरं तिथं घडतात. ओबा फेमी नावाचा नायजेरियाचा गडी तेव्हा तिथला चॅम्पियन होता, मूळचा गोळाफेक करणारा. त्याची मान आणि पाठ बघून मी उठून बसलो. तो समोरच्याला उचलतो तेव्हा पाय कसे रोवतो ते बघा. ते कुणी लिहून देत नाही. भाचा म्हणाला, “मामा, ताप उतरला वाटतं.”

रविवारी पहाटे साडेचारला त्यानं मला उठवलं. खालच्या तालमीत दिवा लागलेला, आत सपाट्यांचा धपधप आवाज, आणि वर मी सुजलेल्या पायांना तेल चोळत लास वेगास बघतोय. तिथं शनिवारचे दुपारचे चार वाजलेले. अलीजियंट स्टेडियममध्ये साठ हजारांवर माणूस. पहिलीच कुस्ती जे उसो आणि गुंथर यांची. गुंथर हा ऑस्ट्रियाचा, उघड्या हातानं छातीवर थाप मारतो ती अशी की तांबडे वळ उमटतात. ते वळ काही मेकअपचे नव्हते. दोघांचं वैर महिनाभर शिजवलेलं. त्यानं जेच्या भावाला रक्तबंबाळ केलेलं. आणि शेवट कसा, तर गुंथरचा जो मान आवळायचा डाव, तोच जेनं त्याला घातला आणि गुंथरनं हात आपटून हार कबूल केली. ज्याचा डाव त्याच्याच गळ्यात. आपल्या मैदानात असं झालं असतं तर फेटे उडाले असते. माझ्या तोंडून ‘आय्शप्पथ’ निघालं, आणि निकाल आधीच ठरलाय हे माहीत असूनही निघालं.

त्या दिवसाची शेवटची कुस्ती तिघांची होती. पंक, रेन्स आणि रॉलिन्स. तिघांची कुस्ती ही कल्पनाच मला पटत नाही. एकाची पाठ लागली की दुसरा न पडताच हरतो, हा कुठला न्याय? पण सीएम पंकनं आयुष्यभर उराशी धरलेलं होतं की रेसलमेनियाची शेवटची कुस्ती आपली व्हावी, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा झाली. त्यांचा तो जाडा वकिली तोंडाचा पॉल हेमन, रेन्सचा जुना सल्लागार, जुन्या शब्दापायी पंकच्या बाजूला उभा राहिलेला. त्यानं आधी पंकला दगा दिला, मग रेन्सला, आणि रॉलिन्सला जिंकवून त्याच्याबरोबर निघून गेला. भाच्याचं तोंड उघडंच राहिलं. मी आयुष्यभर आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या निवडणुकांची पत्रकं छापलीत. सकाळी या पॅनेलच्या फोटोत आणि संध्याकाळी त्या पॅनेलच्या फोटोत असलेली माणसं मला ओळखीची आहेत. मला हेमनचं नवल वाटलं नाही, पण हात मात्र जोडले.

सोमवारी पहाटे सुरुवात बायकांच्या कुस्तीनं झाली. जपानची इयो स्काय, बियांका बेलेअर आणि रिया रिप्ली. माझ्या मते दोन्ही दिवसांतली ही सगळ्यात सरस. वेग, ताकद, चुकांची जागाच नाही. इयो जिंकली. मी बघताना तुमच्या मैदानांचा विचार करत होतो. आपल्याकडंही मुलींच्या कुस्त्या पहिल्या असतात, पण त्या दुपारी तीनच्या उन्हात, लोक यायच्या आधी, पुकारणारा माईकची वायर शोधत असताना. तिथं पहिली जागा ही मानाची होती. गर्दी तापवायचं काम विश्वासानं त्यांच्यावर टाकलेलं.

आणि मग शेवटची, ज्यासाठी एवढा घाट. जॉन सीना विरुद्ध कोडी ऱ्होड्स. सीनानं २०२५ हे आपलं शेवटचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं. वीस वर्षं सज्जन म्हणून वावरलेला हा माणूस १ मार्चला एकदम फिरला, द रॉक नावाच्या जुन्या मल्लाच्या इशाऱ्यावर कोडीला मारलं. लोकांनी दीड महिना वाट बघितली. आणि प्रत्यक्षात? कुस्ती संथ, दम नाही, मधेच ट्रॅव्हिस स्कॉट नावाचा गायक रिंगणात घुसला, पंचाची पाठ फिरल्यावर सीनानं कोडीच्या नको त्या जागी मारलं, चॅम्पियनचा पट्टा डोक्यात हाणला आणि सतराव्यांदा चॅम्पियन झाला. रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम असा मोडला. ज्यानं भांडण लावलं तो रॉक यात्रेला आलाच नाही! लग्न लावून द्यायचं आणि पंगतीला गैरहजर, असला प्रकार. भाचा चिडून अंथरुणात शिरला. मला उलट बरं वाटलं. एवढा पैसा, एवढे लेखक, तरी मुख्य कुस्ती पडते ती पडतेच, आणि गाणारा-नाचणारा पाहुणा आखाड्यात घुसून विचका करतो तो तिथंही करतो.

नंतरच्या मंगळवारच्या रॉबद्दल एवढंच, की बेकी लिंच आणि लायरा व्हाल्किरिया यांनी आदल्या रात्री जिंकलेले जोडीचे पट्टे एका दिवसात घालवले आणि बेकीनं लगेच लायरालाच बडवलं. असं केलं की पट्ट्याची किंमत राहत नाही. गदा एका रात्रीपुरती कुणी घरी नेत नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? त्याच आठवड्यातला गुरुवार राहिला म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी एका गावच्या यात्रेचं मैदान होतं. गावाचं नाव घेत नाही, पत्रकं माझ्याकडचीच होती. पाच हजार प्रती. गुडघे दुखत होते तरी भाच्याच्या गाडीवर मागं बसून गेलो, कारण एक नंबरची जोड खरोखर चांगली होती आणि मला त्या पोराला दाखवायचं होतं की खरी कुस्ती कशी असते. लहान पोरांच्या कुस्त्या झकास झाल्या. रेवड्यांवर, दहा-वीस रुपयांवर लढणारी पोरं, मातीत तोंड भरून हसणारी. एकानं असा घिस्सा मारला की भाचा उभा राहिला. मग सत्कार सुरू झाले. कमिटी, मग माजी कमिटी, मग तालुक्याचे नेते, त्यांचे जावई. नारळ, फेटा, शाल, फोटो. आखाड्यात पैलवान दोन आणि पांढरे कपडे तीस. ज्यांच्या पायात चप्पल होती तेही मातीत. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं ते असं, की कडेच्या शेवटच्या माणसालाही हौदातली माती दिसावी. १९१२ सालचं मैदान ते. आपल्याला शंभर वर्षांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढूनही पुढाऱ्याची पाठच दिसते. लास वेगासला सन्मानाचा कार्यक्रम रेसलमेनियाच्या आधी शुक्रवारी रात्री वेगळा झाला, हे मला मागाहून कळलं. फार जिव्हारी लागलं.

एक नंबरची कुस्ती रात्री पावणेदहाला लागली. हलगी घुमली, सलामी झाली. दहा मिनिटं खडाखडी. वीस मिनिटं खडाखडी. डोक्याला डोकं लावून दोघं उभे, मनगटं धरतायत, सोडतायत. एकदा एकानं पट काढल्यासारखं केलं, दुसऱ्यानं हात टेकला, परत उभे. पस्तिसाव्या मिनिटाला हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली आणि बोटांवरची चिकटपट्टी बदलायला लागला. चाळिसाव्या मिनिटाला कमिटीच्या एका मेंबरनं माईक घेतला. “दोन्ही पैलवान आपलेच आहेत, दोघंही तुल्यबळ आहेत, कुस्ती बरोबरीत सोडवण्यात येत आहे. टाळ्या!” इनाम निम्मं-निम्मं.

माझ्या शेजारी एक म्हातारबा बसले होते. अंगात बंडी, दोन्ही कान मोडलेले, म्हणजे कधीकाळचे पैलवानच. बुडाखाली त्यांनी माझं पत्रक अंथरलं होतं. ते उठले, पत्रक झटकलं, उजेडाकडं धरलं आणि भाच्याला म्हणाले, “बाळ, हितं काय लिवलंय वाच जरा.” भाच्यानं वाचलं, “निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान.” म्हाताऱ्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं. मातीनं भरलेलं बोट, शब्दावर डाग पडला. “ह्यो शबुद कुणाचा म्हनायचा?” मी छापलाय हे मी बोललो नाही. भाचा मला वाचवायला गेला आणि जास्तच खोलात घातलं. म्हणाला, “आजोबा, आमच्यात ह्याला नो कॉन्टेस्ट म्हणतात. तसं झालं तर पब्लिक शिव्या देतं.”

परत येताना गाडीवर तो गप्प होता. मीही.

मला कळतं, पैलवानावर सगळं ढकलून चालणार नाही. हंगामात त्याला आठवड्याला तीन-चार मैदानं असतात. खुराकाचा खर्च, बदाम, तूप, थंडाई, मालिशवाला, गाडीभाडं. एका मोठ्या नावाकडून चितपट झाला की पुढच्या गावाला तुम्हीच त्याची किंमत निम्म्यावर आणता. मग तो कशाला धोका घेईल? बरोबरी झाली की दोघांचं नाव शाबूत, दोघांचा भाव शाबूत, आणि पुढच्या वर्षी तुम्हालाही तीच जोड परत लावता येते. काही ठिकाणी हे आधीच ठरलेलं असतं, ज्याला नुरा कुस्ती म्हणतात, आणि काही ठिकाणी ठरवावंही लागत नाही. दोघांनाही न सांगता कळतं.

इथं त्या खोट्या कुस्तीवाल्यांचं मला खरं कौतुक आहे. त्यांनी हरण्याची भीती काढून टाकलीय. तोच गुंथर, ज्यानं एप्रिलमध्ये हात आपटले, त्यालाच १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सीनाच्या शेवटच्या कुस्तीसाठी समोर उभा केला. आणि सीना हरला. सतरा वेळचा चॅम्पियन, वीस वर्षांहून जास्त काळ कंपनीचा चेहरा, मान आवळली गेली आणि हात आपटून शरण गेला. भाच्यानं फोन केला तेव्हा रडत होता. पण त्या हारीनं सीनाचा भाव कमी झाला का? उलट गुंथरचा वाढला. आणि एप्रिलमधली गुंथरची हार कुणाला आठवते?

हरलेल्या माणसाची कदर करायची रीत आपल्याला परकी आहे असंही नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. रिकाम्या हातानं परत आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हरून आलेल्या माणसावर याच गावात कुणीतरी घर लावलं, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. तुम्ही इनामाच्या रकमेतून हरणाऱ्याचा वाटा आधी पक्का करा, तो पत्रकावर छापा, आणि चितपट झालेल्या पैलवानाला पुढच्या वर्षी त्याच पैशात बोलवा. मग बघा माती उडते की नाही.

पंचांचंही बोलायला हवं, पण जपून. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावरून पंचाला लाथ बसली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली, ते सगळ्यांनी बघितलंय. डब्ल्यूडब्ल्यूईत पंच दर आठवड्याला कोपऱ्यात आडवा पडलेला असतो, तो त्यांच्या नाटकाचा भाग. आपल्याकडं पंच म्हणजे बहुतेक वेळा कमिटीतलाच कुणीतरी, ज्याला रात्री दहाला घरी जायची घाई असते. बरोबरीत सोडवायचा अधिकार त्याला कुणी दिला? वेळ किती, वेळेनंतर गुणांवर की पुढं काय, हे आधी कुठं लिहिलेलं नसतं. माईक ज्याच्या हातात, निकाल त्याचा.

आणि एक गोष्ट, जी मला छापखानेवाला म्हणून सगळ्यात जास्त टोचते. एप्रिलच्या सुरुवातीला केविन ओवन्स नावाचा त्यांचा मल्ल कॅमेऱ्यापुढं उभा राहून म्हणाला की माझ्या मानेला दुखापत आहे, शस्त्रक्रिया करावी लागणार, रेसलमेनियात मी नाही. रँडी ऑर्टनबरोबरची जोड मोडली, ती दोन आठवडे आधी सगळ्या जगाला कळली. त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा चॅम्पियन जो हेंड्री आला, काही मिनिटांतच आडवा झाला, पण लोक खूश. रे मिस्टेरिओला शुक्रवारी लागलं तर शनिवारी त्याच्या जागी रे फिनिक्स उभा होता, आणि का उभा आहे ते सांगितलेलं होतं. आपल्याकडं एक नंबरचा पैलवान येणार नाही हे कमिटीला सकाळी कळतं. लोकांना रात्री नवाला कळतं, तेही समोर दुसराच लंगोट लावून उभा राहतो तेव्हा. फोटो माझ्या पत्रकावर. शिव्याही मला, कारण तळाला मुंगीएवढं का होईना नाव आणि फोन नंबर माझाच असतो. मागच्या हंगामात असे अकरा फोन मी घेतले. एकानं तर गाडीचं पेट्रोल आणि भेळीचे पैसे मागितले.

तर मंडळी, यंदा मी असं ठरवलंय. ऑर्डर घ्यायला नाही म्हणणार नाही, पोट आहे. पण प्रूफ काढताना ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ एवढंच लावणार आणि त्याच्या आधी तीन अक्षरांची जागा मोकळी ठेवणार. तिथं ‘निकाली’ हवं असेल त्यांनी प्रूफ बघायला येताना एका कागदावर लिहून आणायचं. पंच कोण, कुठल्या तालमीचे. कुस्ती किती मिनिटं, आणि वेळ संपल्यावर काय. जोड मोडली तर किती वाजेपर्यंत गावात सांगणार. हरणाऱ्याला किती. त्यावर अध्यक्ष आणि सेक्रेटरीची सही. ते सगळं मी त्याच पत्रकाच्या तळाला, देणगीदारांच्या वर छापीन. त्या ओळींचे जादा पैसे घेणार नाही. जागा पुरली नाही तर माझ्या छापखान्याचं नाव काढा.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. प्रूफ बघायला त्या आधी किंवा नंतर या.

आपला,
एक छापखानेवाला, माजी पैलवान
मंगळवार पेठ, कोल्हापूर